कुंडीतली मिरची फुलावर आली की दर वेळी का बिघडते आणि तेव्हा नेमकं काय करायचं

रोप मस्त चाललेलं असतं, गर्द हिरवं, खोड जाड, फांद्या फुटलेल्या, आणि पहिल्या कळ्या दिसल्या की पुढच्या पंधरवड्यात सगळं फिसकटतं. खालची पानं पिवळी, कळ्या देठासकट कुंडीत पडलेल्या, शेंडा आकसलेला, दुपारी झाड मान टाकून उभं. मग आपण काय करतो तर हाताला लागेल ते घालत सुटतो, शेणखत घाल, केळ्याच्या सालीचं पाणी घाल, एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) घाल, कुठल्या तरी टॉनिकचं झाकणभर घाल, आणि झाड आणखी खाली जातं. पुढच्या रोपालाही हेच. मिरची धरून लिहितोय पण टोमॅटो, वांगं, ढोबळी सगळी एकाच कुळातली, त्यामुळे बरंचसं त्यांनाही चालेल.

आधी हे फुलोऱ्यातच का होतं ते बघू, कारण ते कळलं की निम्मी धावपळ आपोआप थांबते. फुलावर येईपर्यंत मुळांनी कुंडी भरून टाकलेली असते. पानं सगळ्यात जास्त तेव्हाच असतात म्हणजे पाणीही सगळ्यात जास्त तेव्हाच उडतं. पोटॅश आणि कॅल्शियमची मागणी वाढते, आणि झाड आपली साखर फुलाफळांकडे वळवतं त्यामुळे मुळांची वाढ मंदावते. म्हणजे मागणी टोकाला आणि पुरवठा करणारी मुळं मात्र अडकलेली. निचरा खराब असणं, खताचा क्षार साठणं, कुंडी लहान पडणं हे सगळं महिनाभर आधीपासून असतं, झाड लहान असताना ते खपून जातं इतकंच. म्हणून "आता काय घालू" हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न, मुळं ठीक आहेत का.

पहिल्या दिवशी खत बंद, फवारणी बंद, छाटणी बंद. झाड मान टाकत असेल तर दुपारच्या उन्हातून उचलून भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशा जागी ठेवा आणि फक्त बघा.

मान टाकलीय, पण माती ओली की कोरडी?

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच लोक घाई करतात. झाड सुकलेलं दिसलं की हात आपोआप पाण्याच्या मगकडे जातो. बोट दोन पेरं आत घाला. मग कुंडी एका बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्या, दोन-चार वेळा केलं की भरलेली कुंडी किती जड आणि कोरडी किती हलकी हे हाताला कळायला लागतं, मॉइश्चर मीटरच्या काडीपेक्षा मला हाच अंदाज जास्त भरवशाचा वाटतो.

वर कोरडी आणि वजनाला हलकी असेल तर सोपं आहे, पाणी हवंय. पण एक फसवणूक आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरायलाच तयार नसतं, गोळा आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर पडतं, आपल्याला वाटतं वा भरपूर दिलं, आत मात्र मुळांशी खडखडीत कोरडं. अशी कुंडी पाण्याच्या टबात निम्म्यापर्यंत बुडेल अशी अर्धा-पाऊण तास ठेवा, खालून पाणी चढून वरचा थर ओलसर दिसला की काढा आणि पूर्ण निथळू द्या. संध्याकाळपर्यंत झाड उभं राहिलं तर विषय संपला. फक्त एवढं लक्षात घ्या की एवढा ताण बसल्यावर काही कळ्या पुढच्या दोन-चार दिवसांत गळणारच, त्या वाचत नाहीत.

माती ओली, कुंडी जड आणि तरीही झाड मलूल, ही खरी वाईट केस. इथे मुळांना हवा मिळत नाहीये. पाण्यात बसलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून वर झाड तहानलेलं दिसतं, आपण अजून पाणी देतो, आणि चक्र सुरू राहतं. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडत असतील, मातीला कुबट वास येत असेल, वर हिरवट शेवाळं धरलं असेल तर संशय पक्का.

आता मुळं बघायची. घाबरू नका, एकदा बघितल्याने झाड मरत नाही. माती थोडी सुकू द्या, मग खोडाच्या दोन्ही बाजूंनी बोटं पसरून तळहाताने माती धरा, कुंडी आडवी करून कडेने थोपटा आणि अख्खा गोळा तीन-चार इंच बाहेर सरकवा, खोडाला धरून ओढायचं नाही. कडेची मुळं पांढरी किंवा क्रीम रंगाची, चिवट असतील तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत, आणि चिमटीत ओढल्यावर वरची साल निघून आत नुसता दोरा हातात येत असेल तर कूज आहे.

कूज थोडीच असेल तर: खालची ताटली कायमची काढून टाका, कुंडी दोन विटांवर उचला, भोकं काडीने मोकळी करा, पाणी बंद. वरचे दोन इंच पूर्ण सुकल्याशिवाय थेंबही नाही. लागलेली सगळी फळं आणि बहुतेक कळ्या काढून टाका. हे सांगितलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, एवढ्या दिवसांनी आलेली फुलं स्वतःच्या हाताने खुडायची! पण मुळं मेलेल्या झाडावरची फुलं तशीही गळणार आहेत, गळेपर्यंत साखर खाऊन जातील एवढाच फरक. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर मेलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापून नव्या भुसभुशीत मिश्रणात लावा, आणि वरची पालवी सुद्धा तिसरा भाग कमी करा कारण उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. ट्रायकोडर्मा (मातीतली उपयोगी बुरशी) घातलं तर हरकत नाही, नव्या मुळांना थोडं संरक्षण मिळतं, पण मेलेली मुळं त्याने जिवंत होत नाहीत.

एक वेगळा प्रकारही असतो. पानं पिवळी न होता हिरवीगारच, आणि झाड एक-दोन दिवसांत अचानक कोसळतं, पाणी दिलं तरी उठत नाही. हा जिवाणूजन्य मर रोग असू शकतो. जमिनीलगतचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा लटकवा, काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर तोच. याला घरी करण्यासारखा इलाज नाही. झाड आणि माती दोन्ही टाका, ती माती दुसऱ्या मिरची-टोमॅटोला अजिबात वापरू नका, कात्री पुसून घ्या.

खत देऊन देऊन जळालेलं झाड

मुळं बरी आहेत, पाणी बरोबर आहे, पण पानांची टोकं आणि कडा तपकिरी कुरकुरीत झाल्यात, मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खरड दिसतेय. हा क्षार. दर आठवड्याला विद्राव्य खत आणि वर बोअरचं जड, म्हणजे क्षारयुक्त, पाणी असं चालू असेल तर दोन महिन्यांत हे होतंच. मातीतला क्षार वाढला की मुळांना पाणी ओढणं अवघड जातं, झाड ओल्या मातीत तहानलेलं राहतं.

उपाय म्हणजे धुऊन काढणं. कुंडी दहा लिटरची असेल तर वीस ते तीस लिटर साधं पाणी, हळूहळू, थांबत थांबत, भोकातून मोकळं वाहून जाईल असं. घरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर खालून येणारं पाणी मोजत राहा, आकडा उतरत वरून ओतलेल्या पाण्याच्या जवळपास आला की थांबा. सकाळी करा म्हणजे दिवसभरात निथळेल. आणि हे फक्त निचरा चांगला असेल तरच, कुजत्या मुळांवर तीस लिटर पाणी ओतलं तर काय होईल ते सांगायला नको. धुतल्यावर चांगलं खतही वाहून जातं त्यामुळे आठ-दहा दिवसांनी हलका डोस लागेल, लगेच नाही.

पिवळं पान, पण कुठलं पिवळं?

पानांचे फोटो बघून कमतरता ओळखायचा खेळ मला फारसा आवडत नाही कारण ओली गुदमरलेली मुळं जवळपास प्रत्येक कमतरतेची नक्कल करतात. म्हणून वरचं सगळं तपासून झाल्यावरच इथे या. मुख्य नियम एकच, नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, मॅग्नेशियम हे झाडात फिरू शकतात, कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, त्यामुळे खुणा खाली दिसतात. कॅल्शियम आणि लोह फिरत नाहीत, त्यांच्या खुणा शेंड्याला दिसतात.

खालची तीन-चार पानं सरसकट पिवळी होऊन गळाली आणि वर सगळं हिरवं असेल तर काहीच करू नका, फुलोऱ्यात ते होतं. अर्धं झाड फिकट व्हायला लागलं तर नायट्रोजन. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, इथे मात्र एप्सम सॉल्ट खरंच कामाचं, लिटरला ३ ते ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. जुन्या पानांच्या कडा करपत आत आल्या तर पोटॅश, पण आधी क्षाराची खरड नाही ना हे बघा कारण दोन्ही सारखंच दिसतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह, आणि कुंडीत लोह नसतं असं क्वचितच, बहुतेकदा पाणी जड असल्याने मातीचा पीएच सातच्या वर गेलेला असतो आणि असलेलं लोह मुळांना मिळत नाही. मिरचीला साधारण ६ ते ६.८ बरा. चिलेटेड लोहाने (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) तात्पुरतं हिरवं होईल, पण पाणी तेच राहिलं तर महिन्याने परत तेच.

फळाच्या टोकाला पाणथळ डाग पडून तो काळा होतो ते कॅल्शियम. इथे सगळे अंड्याची टरफलं चुरून टाकतात. ती विरघळायला खूप काळ लागतो, या हंगामात त्यांचा उपयोग नाही. आणि मूळ कारण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नसणं हे नसतंच, पाणी कधी खूप कधी अजिबात नाही हे असतं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. पाणी नियमित झालं की पुढची फळं चांगली येतात.

आणखी एक, पिवळं पडलेलं जुनं पान सहसा परत हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का हे नवीन फुटीकडे बघून ठरवायचं.

झाड ठणठणीत, फक्त फुलं गळतात

पानं सुंदर, मुळं सुंदर आणि फुलं मात्र रोज सकाळी खाली. इथे नव्वद टक्के लोक खत शोधतात आणि कारण असतं हवा. दिवसा तापमान ३५ अंशांच्या आसपास आणि रात्री २४ च्या वर राहायला लागलं की मिरचीचं परागण बिघडतं आणि फुलं गळतात. रात्री १५ च्या खाली गेलं तरी तेच. ढोबळीला तर उष्णता अजूनच कमी सोसते. यावर बाटलीतलं औषध नाही. ३५ ते ५० टक्क्यांची शेडनेट दुपारपुरती, आणि कुंडीची भिंत थंड ठेवायची कारण काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात तापून कडेची मुळं भाजते, तिच्याभोवती पांढरं कापड गुंडाळा किंवा ती मोठ्या कुंडीत उतरवून मधल्या जागेत पालापाचोळा भरा. बाकी वाट बघायची, हवा उतरली की त्याच झाडाला फळं धरतात.

दुसरं कारण बंद जागा. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं पण पराग सुटायला हलावं लागतं, वारा हवा किंवा माशी. काचबंद बाल्कनीत किंवा घरात दोन्ही नाही. सकाळी फुलं उघडल्यावर थोडा वेळ जाऊ द्या आणि दहा-अकराच्या सुमारास फांदीला टिचकी मारा, किंवा मऊ ब्रश फुलाफुलांत फिरवा, रोज. हसू येईल पण याने फरक पडतो.

तिसरं म्हणजे नायट्रोजनचा अतिरेक. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, आणि फुलं चार. १९-१९-१९ (पाकिटावरचे हे आकडे म्हणजे क्रमाने नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशचे टक्के) फुलोऱ्यातही चालूच ठेवलं किंवा भरपूर पेंड-शेणखत दिलं की असं होतं. खत थांबवा, एवढंच. आणि झाडावर आधीच भरपूर मिरच्या लटकलेल्या असतील तर नवी फुलं गळणं हा दोषच नाही, झाड स्वतःचा हिशोब करतंय, हिरव्या मिरच्या तोडा म्हणजे पुन्हा फूल धरेल.

पानं गुंडाळतायत

वरच्या बाजूला कडा वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे (थ्रिप्स), खालच्या बाजूला वळून उलट्या होडीसारखं आणि देठ लांबलेला, शेंडा ठिसूळ तर कोळी (जाळं विणणारा घरातला नव्हे, माइट नावाची अतिसूक्ष्म कीड). हे दोन्ही फुलोऱ्यात वाढतात, फुलकिडे तर फुलातच बसतात. पांढऱ्या कागदावर फूल झटका, बारीक पिवळट-तपकिरी रेघा पळताना दिसल्या तर फुलकिडे. मिरचीवरचा पिवळा कोळी डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं, त्यामुळे "कीड तर काहीच नाही" म्हणून लोक पुन्हा कॅल्शियम देत बसतात.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, त्यात मिसळायला अगदी थोडा सौम्य साबण, पानांच्या खालून. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक जास्त चांगलं, लिटरला २ ग्रॅम. पण गंधक आणि तेल यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं आणि तापमान ३२ च्या वर असताना गंधक फवारायचं नाही, पानं जळतात. फुलोऱ्यातली कुठलीही फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर आणि मधमाश्या घरी गेल्यावर, आणि उमललेल्या फुलांवर थेट फवारा टाळून. आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघा. गुंडाळलेली जुनी पानं सरळ होणार नाहीत, नवीन शेंडा सरळ येतोय का ते बघा.

शेंडा सरळ येतच नाही, पानं बारीक, जाडसर, पिवळसर, झाड खुजं आणि झुडपासारखं झालंय, आणि पांढरी माशी आहे किंवा होती, तर तो पर्णगुच्छ विषाणू. तो औषधाने जात नाही. झाड पिशवीत बंद करून टाका नाहीतर शेजारच्या कुंडीत माशी घेऊन जाईल.

खत कधी आणि कुंडी बदलायची का

नवीन फूट दिसली, निरोगी रंगाची, की मगच खत, आणि लिहिलेल्या डोसच्या निम्मं. फुलोऱ्यात १३-०-४५ किंवा ०-०-५०, लिटरला १ ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा, तेही ओल्या मातीत. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर वेगळ्या दिवशी, सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खताबरोबर एकाच बादलीत घोळलं की तळाशी पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया. ज्यांना हे आकडे नकोत त्यांनी वरचा इंचभर थर खरवडून दोन मुठी गांडूळखत घालावं, हळू काम करतं पण जाळत नाही.

कुंडी फुलोऱ्यात बदलू नये असं सगळे सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरं आहे. पण गोळा बाहेर काढल्यावर माती दिसतच नसेल, नुसती गोल गोल फिरलेली मुळं, आणि दिवसातून दोनदा पाणी देऊनही झाड मलूल, तर थांबून काही मिळत नाही. गोळा न फोडता तसाच दोन-तीन इंच मोठ्या कुंडीत, संध्याकाळी, कडेने मिश्रण भरून, आणि मोठी फुलं-फळं काढून. आठवडाभर सावली.

झाड पूर्ण वाळल्यासारखं दिसलं तरी लगेच उपटू नका. खोडाची साल नखाने किंचित खरवडा, आत हिरवं आणि ओलसर असेल तर जीव आहे. मिरची एका हंगामाचं झाड नाही, थंडी फार नसेल तर काही वर्षं टिकते. सगळ्या फांद्या कापून सहा-आठ इंचांचा खुंट ठेवा, पाणी अगदी बेताचं, खत शून्य, तीन-चार आठवड्यांत खालून फुटवे येतात, आणि त्या फुटव्यांना फुलं लवकर धरतात कारण जुनी मुळं खाली आधीच असतात.

पुढच्या रोपाला हे सगळं टाळायचं असेल तर पहिली कळी दिसण्याच्या आधीच त्याला शेवटच्या कुंडीत हलवा, १२ ते १५ लिटरची, मिश्रणात तिसरा भाग तरी पाणी न धरणारा असा जाडसर माल, म्हणजे परलाइट (पांढरे हलके खडे), जाड वाळू, विटेचा चुरा काहीही, आणि कळ्या यायला लागल्या की नायट्रोजनचं खत कमी करून पोटॅशकडे वळा.